पाऊस गेल्यानंतरची परसबाग

बागकामावरील इंग्रजी पुस्तके आपल्या घरांतून पुष्कळ वाचली जातात आणि त्यांतील चित्रे पाहून मनाला मोहही पडतो. परंतु त्या पुस्तकांतील शरद ऋतू आणि आपला शरद ऋतू यांचा नावापलीकडे फारसा संबंध नाही. तिकडे शरद म्हणजे बागेची निरवानिरव. पाने गळतात, कंद उकरून कोठारात जातात, आणि येऊ घातलेल्या हिमाच्या भयाने माळी आपली हत्यारे पुसून ठेवतो. आपल्याकडे, देशावर काय किंवा कोकणात काय, त्याच दिवसांत भाजीच्या बागेचा खरा आरंभ होतो. आश्विनात जे पेरावे ते कार्तिक-मार्गशीर्षात ताटात येते. आणि पुढील उन्हाळ्यात घरचा आंबा व घरचे लिंबू मिळणार की नाही, याचा निकालही बऱ्याच अंशी याच दीड-दोन महिन्यांत लागतो.

या अवधीतील कामांची यादी वाचून दाखविण्याचा माझा विचार नाही. त्या सर्व कामांच्या मुळाशी एक गोष्ट आहे, ती पाणी. चार महिने आकाशातून न मागता मिळणारे पाणी आता थांबते, आणि ते कोणास द्यावे, किती द्यावे, आणि विशेषतः कोणास मुळीच देऊ नये, हे ठरविण्याचा अधिकार वर्षात प्रथमच आपल्या हाती येतो. बहुतेक घरांतून तो फार उदारपणे वापरला जातो. सकाळी रबरी नळी हाती घेतली की पालकापासून आंब्यापर्यंत सर्वांस सारखेच स्नान! ह्या समदृष्टीनेच परसबागेचे अर्धे नुकसान होते.

प्रथम काळाविषयी. पुष्कळ घरांत दसरा-दिवाळीच्या हिशेबाने बी पेरण्याची रीत आहे. परंतु अधिक मासामुळे आपले सण इंग्रजी तारखांच्या मानाने बरेच मागेपुढे होतात. दसरा २०२३ साली २४ ऑक्टोबरला आला, तर २०२५ साली २ ऑक्टोबरला. बियाण्यास तिथी कळत नाही. त्यास मातीतील ऊब आणि ओल तेवढी कळते. त्या मानाने सूर्यनक्षत्रांचा हिशेब अधिक भरवशाचा. सूर्य हस्तात जातो तो साधारणतः २७ सप्टेंबरच्या सुमारास. हत्तीच्या चित्राभोवती फेर धरून मुली भोंडला खेळतात तो याच नक्षत्रावर. पावसाच्या परतण्याची सरासरी तारीखही पूर्वीची राहिलेली नाही. मुंबईतून नैर्ऋत्य मोसमी वारे सप्टेंबरअखेर माघार घेतात असे पूर्वी धरीत. हवामान खात्याने २०२० साली सुधारून दिलेल्या तारखांत ती ८ ऑक्टोबर आहे. तेव्हा आजीच्या वेळचे वेळापत्रक आठवडाभर पुढे सरकविले तर आजीचा अवमान होणार नाही.

भोंडल्यासच हादगा म्हणतात आणि त्याच नावाचे एक झाडही आहे. कुंपणाकडेस हे झाड असेल तर पावसाळा सरल्यावर त्यास पांढऱ्या, कोयरीसारख्या वाकड्या कळ्या धरू लागतात. त्यांची भाजी करताना आतील कडू केसर काढून टाकावे लागतात, एवढे लक्षात ठेवले म्हणजे झाले. न पेरता मिळणारी ही शरदातील पहिली भाजी.

आता जमिनीकडे वळू. पाऊस थांबतो तेव्हा जमिनीच्या पोटात जी ओल असते तिची किंमत शहरातील माणसास सहसा कळत नाही, कारण ती दिसत नाही. रायगड-रत्नागिरीकडे भात कापल्यानंतर त्याच खाचरात वाल पेरतात, आणि तो वाल बहुतांशी त्या अंगच्या ओलीवरच वाढून शेंगांवर येतो. आपल्या घरी डाळिंब्यांची उसळ होते तीत आषाढ-श्रावणाचेच पाणी असते म्हणा ना! ही ओल परसात किती दिवस टिकावी, हे पुष्कळसे आपल्या हातात आहे.

ती चोरणारे दोघे. एक तण, दुसरे ऊन. पावसाळ्यात माजलेले टाकळा, आघाडा आणि गाजरगवत आता फुलावर येऊन बी टाकण्याच्या बेतात असते. ते याच वेळी, बी पक्व होण्यापूर्वी, मुळासकट उपटले पाहिजे; आठवडाभराच्या आळसाची फेड पुढे कित्येक पावसाळे करावी लागते. गाजरगवताची नोंद आपल्याकडे पुण्यात १९५५ साली झाली, आणि तेथून त्याने देश व्यापला, यावरून त्याच्या बियांचा पराक्रम ध्यानात यावा. ते उपटताना हातमोजे घालावेत. पुष्कळांच्या अंगास त्याने खाज सुटते व पुरळ येतो. फुलावर न आलेले तण खताच्या खड्ड्यात खुशाल टाकावे.

दुसरा चोर ऊन. ऑक्टोबरचे ऊन फसवे असते. हवा निवळलेली, आकाश स्वच्छ, पुण्यासारख्या ठिकाणी दुपारचा पारा ३२ अंशांच्या आसपास. मातीवर पापुद्रा धरतो, आणि काळी जमीन असेल तर तिला भेगा पडू लागतात. काळ्या मातीतील चिकण भाग पाण्याने फुगतो व वाळताना आकसतो, त्याच्या या भेगा. त्या भेगांतून खालच्या थरांतील ओलही वाफ होऊन निघून जाते, शिवाय कोवळी मुळे तुटतात ती निराळीच. यावर उपाय जुना आहे. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे शेतकरी म्हणतात, ते अक्षरशः खरे मानावयास हरकत नाही. खुरप्याने वरचा दोन बोटे थर मोकळा केला की भेगा बुजतात, पापुद्रा मोडतो, आणि त्या भुसभुशीत थराचे पांघरूण होऊन खालची ओल खाली राहते. त्यावर वाळलेल्या पानांचा वा गवताचा चार बोटे थर दिला तर काम पुरे झाले. अंगणातील पाने गोळा करून जाळण्याची चाल अद्यापि कित्येक वसाहतींतून आहे. तिला काय म्हणावे ते सुचत नाही. जो माल विकत घ्यावा तो फुकट मिळतो, आणि आपण त्याचा धूर करून शेजाऱ्यास खोकला देतो!

चार महिन्यांच्या पावसाने जमिनीतील नत्राचा पुष्कळ अंश धुऊन जातो. पाने फिकट पिवळी पडली की ‘पाणी कमी पडले’ असे समजून आणखी पाणी घालण्यात येते, आणि उरलासुरला अंशही वाहून जातो. अशा वाफ्यांस पाणी न वाढविता चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत मिसळावे. ज्यांची बाग गच्चीवर वा सज्जात कुंड्यांतून आहे त्यांस मात्र ओलीचे हे शास्त्र लागू नाही. कुंडीच्या पोटात साठा तो केवढा! पावसाने घट्ट बसलेली माती काढून मोकळी करावी, तळाचे भोक बुजले असल्यास उघडावे, अर्धी माती व अर्धे खत असे मिश्रण भरावे, आणि पाणी रोज बोट खुपसून पाहून द्यावे.

पेरणीस आरंभ मेथीने करावा. ती सोशिक आहे, तीन-पाच दिवसांत उगवते आणि महिन्याभरात खुडावयास येते. मुलांच्या हाती पहिले पीक द्यावयाचे ते हेच. कोथिंबिरीची गोष्ट निराळी. आपण ज्यास धन्याचा दाणा म्हणतो त्यात वास्तविक दोन बिया जोडीने असतात. त्या लाटण्याने वा वहाणेच्या तळव्याने हलकेच रगडून वेगळ्या कराव्यात, रात्रभर भिजत ठेवाव्यात आणि मग पेराव्यात. उगवावयास तिला आठ-दहा दिवस, कधी अधिकही लागतात. तेवढा धीर न धरता चौथ्या दिवशी वाफा उकरून पाहणारे लोक पुष्कळ आहेत. उकाडा फार असताना पेरलेली कोथिंबीर लवकर फुलावर जाते, यास्तव सर्व बी एकदम न पेरता दर पंधरवड्यास ओळ-दोन ओळी पेरावी. आपला पालक हा बीटाच्या कुळातला. त्याच्या एका बोंडातून दोन-तीन रोपे निघतात, म्हणून बी विरळ टाकूनही दाटी होते. ती विरळणीत काढलेली कोवळी रोपेच पहिल्या भाजीस पुरतात.

मुळा व गाजर यांस स्थलांतर सहन होत नाही. बी जागच्या जागीच पेरावे. त्या वाफ्यात ताजे शेणखत अगर खडे असतील तर गाजरास दोन-तीन पाय फुटतात. चवीत फरक नाही, पण किसताना गृहिणी त्रासते. लसणाच्या पाकळ्या याच सुमारास लावाव्यात. गड्ड्याच्या बाहेरच्या बाजूच्या मोठ्या पाकळ्या निवडाव्यात, शेंडा वर ठेवावा, आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत त्यांस विसरून जावे.

वाटाण्याची घाई करू नये, हे मला आग्रहाने सांगावयाचे आहे. पाऊस थांबल्याबरोबर वाटाणा पेरावा असा मोह होतो, कारण जमीन ओली असते. पण वाटाणा थंडीचा भोक्ता आहे. ऑक्टोबरच्या उकाड्यात उगवलेला वेल रोडावतो आणि फुले झडतात. रात्री अंगावर पांघरूण ओढावेसे वाटू लागले, म्हणजे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, तो पेरावा. पुण्याकडे नोव्हेंबरात रात्रीचा पारा १५ अंशांच्या आसपास उतरतो. वाटाण्यास तेच मानवते. मुंबईकरांनी त्याच्या नादी न लागता चवळी आणि भेंडीवर संतुष्ट राहावे, हे बरे.

वांगी, टोमॅटो, कोबी यांची रोपे आधी गादीवाफ्यावर तयार करावी लागतात. गादीवाफा म्हणजे भोवतालच्या जमिनीपेक्षा सुमारे १५ सेंटीमीटर उंच केलेला वाफा. ही उंची शोभेकरिता नसते. रोपे दोन पानांवर असताना बुडाशी मऊ पडून आडवी होतात, त्यास आपण नजर लागली म्हणतो. ती बुरशी असते, आणि तुंबलेले पाणी व दाट पेरणी ही तिला आमंत्रणे. उंच वाफा, ओळींत विरळ बी आणि झारीने बेताचे पाणी, एवढ्याने बहुतेक रोपे वाचतात. फ्लॉवरविषयी माझे मत जरा प्रतिकूल आहे. त्याच्या प्रत्येक जातीचा थंडीशी स्वतंत्र करार असतो. लवकर येणारी जात उशिरा लावली, किंवा रोपे वाफ्यात जरठ होऊ दिली, तर बटणाएवढा गड्डा धरून झाड वाढ आटोपते. एवढी मर्जी सांभाळण्याइतका वेळ ज्यास नाही त्याने नवलकोल लावावा.

थंडी पडू लागली की कोबी, वाल, मिरची यांवर मावा येतो. त्याकरिता निंबोळीचा अर्क घरी करता येतो. उन्हाळ्याच्या शेवटी गोळा करून वाळविलेल्या निंबोळ्यांचा गर कुटून, ५० ग्रॅम चूर्ण लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावे, फडक्याने गाळावे, थोडे साबणाचे पाणी मिसळावे आणि फवारावे. फवारणी संध्याकाळी करावी, कारण उन्हाने अर्काचा गुण लवकर नाहीसा होतो.

आता फळझाडे, आणि येथे पाणी न देण्याचा विषय येतो.

आंब्याचा मोहोर नव्या पालवीवर येत नाही. पावसाळ्याअखेरपर्यंत पक्व झालेली, विसावलेली काडी असावी लागते. तिच्या टोकाचा डोळा थंडी पडली की मोहोराचा होतो. पाऊस गेल्यावर जमीन वाळू लागते, झाडाची वाढ थांबते, आणि हा विसावा त्यास आपोआप मिळतो. अशा वेळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपण रोज पाणी घातले, वर शेणखत दिले, तर झाड कृतज्ञतेने तांबूस, लुसलुशीत पालवी काढते. घरचे सर्व जण ती पाहून आनंदित होतात, आणि त्या फांद्यांवर त्या हंगामात बहुधा मोहोर येत नाही. म्हणून फळावर आलेल्या आंब्यास पाऊस थांबल्यापासून पाणी तोडावे, ते फळे वाटाण्याएवढी होईपर्यंत. दोन-तीन वर्षांची कलमे यास अपवाद. त्यांस वाढावयाचे आहे, त्यांस पाणी द्यावेच लागते. खताचा वाटा आंब्यास जूनमध्ये द्यावा. या दिवसांत त्याचे एकच काम अगत्याचे, ते म्हणजे बांडगुळे. फांदीत मूळ घालून बसलेली ही परोपजीवी झाडे आता स्पष्ट दिसतात. बांडगुळासह ती फांदी त्याच्या खालून कापून टाकावी.

लहान आवारात खरी अडचण अशी की भाजीचे वाफे नेमके आंब्याच्या सावलीत येतात. वाफ्यास दिलेले पाणी आंब्याची मुळे पितात, कारण त्यांचा पसारा फांद्यांच्या घेराइतका, किंबहुना त्याहून अधिक असतो. पालक आणि आंबा यांपैकी एकाची निवड करावी लागते. झाड फळत नाही म्हणून कलमास, रोपवाटिकेस आणि शेवटी नशिबास दोष देण्यापूर्वी हे वाफे तेथून हलवून पाहावेत. जागा नसेल तर पालेभाजी कुंड्यांत न्यावी. सावलीत भाजी तशीही रोगटच वाढते.

लिंबाचा न्याय थोडा निराळा. कागदी लिंबास वर्षातून तीन बहार येऊ शकतात: मृग, हस्त आणि आंबे बहार. त्यांतील हस्त बहाराची फुले सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास येतात आणि लिंबे उन्हाळ्यात, जेव्हा बाजारात एकेक लिंबू मोजून घ्यावे लागते, नेमकी तेव्हा उतरतात. हा बहार यावा म्हणून झाडास काही दिवस तहानलेले ठेवावे लागते. त्यास ताण देणे म्हणतात. पाण्यावाचून पानांचा तजेला जातो, काही पाने गळतात; मग आळे हलके खणून खत घालावे आणि प्रथम बेताचे, नंतर भरपूर पाणी द्यावे. हलक्या जमिनीत हा ताण दोन-तीन आठवड्यांत बसतो. भारी काळ्या जमिनीत अधिक दिवस लागतात, आणि मधेच हस्ताची सर आली तर सर्व योजना वाहून जाते. या कारणाने हस्त बहार हा तिन्हींत कठीण समजतात. एखादे वर्ष तो साधला नाही तर झाडाचा छळ न करता नेहमीप्रमाणे पाणी सुरू करावे, आणि डिसेंबरात ताण देऊन आंबे बहार धरावा. लिंबाच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखा काळापांढरा ठिपका दिसला तर तो झटकण्यापूर्वी निरखून पाहावा. बहुधा ती फुलपाखराची अळी असते आणि मोठी होऊन हिरवी झाली की लहान झाड दोन-तीन दिवसांत ओरबाडते. हाताने वेचणे हाच उपाय.

पेरूस या दिवसांत स्वच्छता हवी. पुण्याच्या गणेशखिंड येथील फळसंशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी १९२७ साली निवडलेली ‘लखनौ ४९’ ही जात, जी पुढे ‘सरदार’ म्हणून प्रसिद्ध झाली, आज अनेक परसांत आहे. तिचे थंडीतले फळ खरे रुचकर. परंतु पावसाळी फळांत फळमाशीच्या अळ्या पडतात, फळ गळून पडते, अळी मातीत शिरून कोश करते, आणि माशी होऊन हिवाळी फळावर येते. हे चक्र तोडावयाचे तर गळलेले प्रत्येक फळ रोजच्या रोज वेचून दोन फूट खोल पुरावे, किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कडक उन्हात ठेवावे. हल्ली मिथाइल युजेनॉलचे सापळे मिळतात, ते लावावेत. त्यांत केवळ नर सापडतात, तेव्हा वेचणीचे काम त्यांनी सुटत नाही.

दारात द्राक्षाचा मांडव असेल त्यांनी कात्रीस धार लावावी. थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात झोपतो. आपल्याकडे तो झोपत नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटावा लागतो. एप्रिलच्या खरड छाटणीने काड्या तयार होतात व त्यांच्या डोळ्यांत घडाचा गर्भ धरतो, आणि ऑक्टोबरच्या छाटणीने तो बाहेर येतो. पावसाची शेवटची सर पडून गेल्याची खात्री झाल्यावाचून ही छाटणी करू नये, नाहीतर कोवळ्या फुटीवर केवडा हा रोग पडतो. अंजिराच्या मीठा बहाराची छाटणीही याच सुमारास होते. फांदी कापताना निघणारा चीक अंगावर उडू देऊ नये. पपईच्या बुंध्याशी पाणी साचत नाही ना, एवढे पाहावे. सीताफळाचे डोळे उघडून फटी फिकट पिवळ्या दिसू लागल्या की फळ उतरवून घरात पिकवावे, झाडावर ठेवल्यास ते पाखरांचे.

कुंपणावरील वालाच्या वेलाविषयी सांगावयाचे राहिले. आषाढात लावलेला हा वेल चार महिने नुसता पानांनी माजतो आणि ‘फळत नाही’ म्हणून आश्विनात कापला जातो. देशी जातींस दिवस लहान झाल्यावाचून फूल येत नाही, म्हणून ती आता कोठे येऊ लागतात. वेल ठेवावा. आलेल्या पहिल्या शेंगांपैकी भरदार अशा दहा-बारा न तोडता वेलावरच वाळू द्याव्यात, आणि त्यांचे दाणे चुलीची राख मिळाल्यास तीत, नाहीतर कोरड्या काचेच्या बरणीत, पुढील आषाढाकरिता ठेवावेत.